माणूस आपला आहे, मॅडम!

लोकांना वाटतं, सरकारी वकिलाकडे गुन्ह्यांचे किस्से असतील. खून, दरोडे, रक्ताळलेले कोयते. असतात ना! पण ते सगळे फायलीत जातात. त्यांना नंबर लागतो, निकाल लागतो आणि शेवटी रेकॉर्ड रूममध्ये वाळवी लागते. साठतात ते वेगळेच. फोनवरचे, जिन्यातले, लग्नाच्या पंगतीतले. कुठल्याच फायलीत न जाणारे. आणि त्यांची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते : "मॅडम, माणूस आपला आहे!"

माझी सगळी नोकरी नगर जिल्ह्यात फिरत राहिली. कधी तालुक्याचं कोर्ट, कधी नगरचं. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, पण कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो, म्हणून मीही नगरच म्हणते. आमच्या खोलीत माझ्याबरोबर दोघं. एक गुंजाळ सर, माझ्याहून सीनियर सरकारी वकील, रिटायरमेंटला टेकलेले. दुसरे भापकर, पैरवी हवालदार. पैरवी हवालदार म्हणजे पोलीस खात्याने कोर्टाच्या कामाला दिलेला माणूस. साक्षीदार शोधायचा, समन्स पोचवायचं आणि त्याला धीर देत देत पिंजऱ्यापर्यंत आणायचं, हे त्याचं काम. भापकर पारनेरकडचे. बोलायला लागले की कोर्टाची भाषा घरी ठेवून येतात.

तिघं एकत्र बसलो की किस्से निघतातच. हसतो आम्ही. मग चहा संपतो, आणि जो तो उगीचच आपापला मोबाईल टेबलावर पालथा घालून ठेवतो.

*

छोट्याने सुरुवात करते.

एका माजी सरपंचाने शाळेच्या जागेवरून भांडण काढून मास्तरांचा हात मोडला होता. त्या दिवशी निकाल होता. मी खोलीत येऊन पर्स ठेवतेय तोच फोन वाजला. पलीकडे एका मोठ्या साहेबांचा पीए.

"मॅडम, ते आमचे माजी सरपंच आहेत ना, त्यांच्या छातीत फार दुखतंय हो. तेवढं जेलऐवजी हॉस्पिटलमध्ये पाठवायचं बघा. साहेबांनी खास सांगितलंय."

मी खिडकीतून खाली पाहिलं. सरपंच लिंबाच्या झाडाखाली उभे राहून मिसळ हाणत होते. तर्रीची दुसरी वाटी मागत होते!

म्हटलं, "अहो, अजून निकाल लागायचाय. सुटतीलसुद्धा कदाचित."

पीए गडबडला. फोनवर हात ठेवून कुणाशी तरी कुजबुजला. मग म्हणाला, "बरं, बरं. मग दुपारनंतर दुखेल."

दुपारी निकाल लागला. शिक्षा झाली.

दुखलं!

*

एकदा एका आमदारांनी स्वतःच फोन केला. हा मान मोठा. पीए नाही, कार्यकर्ता नाही, खुद्द साहेब!

खटला बांधावरच्या मारामारीचा. दोन चुलत भाऊ. नाव दोघांचंही बाळासाहेब, आडनाव एक, गाव एक, फक्त बापाचं नाव वेगळं. एका बाळासाहेबाने दुसऱ्या बाळासाहेबाचा पाय मोडला होता. गुन्हा शाबीत झाला होता आणि जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षेवर बोलायचं होतं.

"मॅडम, आमच्या बाळासाहेबाला जरा सांभाळून घ्या," साहेब म्हणाले. "फार गरीब स्वभावाचा माणूस. त्यात बिचाऱ्याचा पाय मोडलाय. घरी पडून आहे."

"साहेब, पाय मोडलाय तो फिर्यादी."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याने मार खाल्लाय. मारणारा दुसरा."

"मग याला शिक्षा कशी काय लागली?"

"याला नाही, साहेब. दुसऱ्या बाळासाहेबाला."

पलीकडे मागे कुणीतरी कुणाला तरी झापत असल्याचं ऐकू आलं. मग साहेब पुन्हा फोनवर आले आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं करा मॅडम, दोघंही आपलेच आहेत. दोघांनाही फार त्रास होणार नाही, असं काहीतरी बघा!"

मी हे खोलीत सांगितलं तेव्हा गुंजाळ सरांना हसता हसता ठसका लागला. भापकर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "त्याच्या फुडचं तुमाला म्हाईत न्हाई, मॅडम. मी गेल्तो त्या गावात. सायबांचा मानूस पाय मोडलेल्याच्या घरी जाऊन सांगून आला, सायबांनी तुमच्यासाटी फोन केला. आनि तसाच फुडं दुसऱ्या बाळासायबाच्या घरी गेला, त्याला बी तेच सांगितलं. दोन्ही घरांत चा पिऊन आला!"

*

सगळे फोनच करतात असं नाही. काही जण नुसते येऊन बसतात.

तेव्हा मी उत्तरेकडच्या एका तालुक्यात होते. न्यायाधीश बाई वयाने तिशीच्या, पहिलंच पोस्टिंग. कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीचा हात भर रस्त्यात धरून तिला ओढत नेलं, असा खटला. आरोपी एका पुढाऱ्याचा उजवा हात. गुन्हा शाबीत झाला होता, शिक्षा सुनवायची होती.

कोर्ट सुरू व्हायच्या आधीच ते पुढारी आले. मागे पांढऱ्या कपड्यांची रांग. एकेक बाक भरत गेला. मुलगी आणि तिचे वडील आधी दुसऱ्या बाकावर बसले होते, ते सरकत सरकत कडेला गेले आणि शेवटी उठून भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी त्यांना उठा म्हटलं नव्हतं. पण एवढी पांढरी इस्त्री शेजारी येऊन बसली की माणूस आपोआप उठतो.

न्यायाधीश बाई आल्या. बसल्या. समोर पाहिलं. मग पुढाऱ्यांना विचारलं, "आपण या प्रकरणात पक्षकार आहात का?"

"नाही, नाही."

"साक्षीदार?"

"नाही ताई... मॅडम. मी आपला जनतेचा सेवक. काही बोलणार नाही. नुसता बसायला आलोय."

"वकील?"

"नाही."

बाईंचा आवाज अजिबात चढला नाही. म्हणाल्या, "मग असं करा. ती जागा त्या मुलीला द्या. आणि आपण तिकडे आरोपीच्या शेजारी उभे राहा. आपण कुणासाठी आलात, ते न्यायालयाला नीट दिसू द्या."

पुढारी उठले. पिंजऱ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, तिथे एका स्थानिक पेपरचा वार्ताहर मान उंच करून उभा होता. पुढाऱ्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं.

"मला जरा मीटिंग आहे," ते म्हणाले. आणि त्यांच्या मागोमाग अख्खी पांढरी रांग बाहेर!

मुलगी बसली. तिचे वडील बसले. बाईंनी निकाल वाचायला घेतला.

हा किस्सा सांगितला की सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवते. पण त्या दिवशी टेबलाखाली माझे गुडघे लटपटत होते. न्यायाधीश बाईंचे लटपटत होते का, ते मला माहीत नाही. त्यांचं टेबल उंच असतं.

*

गुंजाळ सरांची पद्धत वेगळी. त्यांना असे फोन आले की नेमकं ऐकू येत नाही!

एरवी शेजारच्या कोर्टात कुणी आपल्या पक्षकाराला काय सांगितलं तेसुद्धा यांच्या कानावर येतं. पण मोबाईलवर "साहेब बोलतात" असं झालं की सर उठून व्हरांड्यात जातात. बरोबर मधोमध उभे राहतात. पक्षकार, वकील, पोलीस, टायपिस्ट, सगळ्यांच्या गर्दीत. आणि मग घसा मोकळा सोडतात.

"काय म्हणता? ऐकू येत नाही! कोण? आमदार? हां, हां! कुणाचं? अत्याचाराच्या केसमधल्या आरोपीचं? हां, काल ज्याला शिक्षा लागली तोच ना? त्याच्या अपिलात मी काय करू म्हणता? मोठ्याने बोला, साहेब! इथे सगळे थांबलेत ऐकायला!"

फोन कट.

सर खोलीत येतात, आमच्याकडे बघून डोळा मारतात, खुर्चीत बसतात. भापकर बशीत चहा ओततात. सर बशी उचलतात.

आणि मग ती बशी ओठांपर्यंत जाईस्तोवर निम्मा चहा टेबलावर सांडतो.

*

भापकरांना मी एकदा विचारलं, "तुम्ही तर पोलीस ठाण्यात चांगलं काम करत होतात. या कोर्टाच्या ड्युटीत कसे अडकलात?"

"फुगडीमुळं," भापकर म्हणाले.

झालं होतं असं. त्यांच्या ठाण्याच्या हद्दीत एक बाई होत्या, मोठं राजकीय प्रस्थ. सगळा तालुका त्यांना अक्का म्हणायचा. अक्कांचा मुलगा खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होता. त्याने पॅरोलचा अर्ज केला. कारण काय? तर आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिची सेवा करायची आहे. अशा अर्जाची पोलिसांनी घरी जाऊन चौकशी करायची असते. ते काम भापकरांकडे आलं.

भापकर घरी गेले तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, अक्का शाळेच्या ग्राउंडवर. तिथे महिलांचा हळदीकुंकवाचा मोठा कार्यक्रम. मांडव, स्पीकर, गर्दी.

"आनि मधी बघतो तर अक्का फुगडी खेळत्यात!" भापकर सांगत होते. "आशी गरागरा की पदर बी दिसंना. मी कडंला टोपी सावरत उभा. अक्कांनी मला बघितलं. फुगडी न थांबवता वरडल्या, 'हवालदार, तुमी घरी जाऊन बसा! मी आजारी पडायला आलेच!'"

भापकरांनी रिपोर्टमध्ये जे पाहिलं ते लिहिलं. वरून तो परत आला. तोंडी निरोप असा, की 'फुगडी' हा शब्द काढा आणि 'वारंवार चक्कर येते' असं घाला. फुगडी घातली की चक्कर येतेच ना! खोटं थोडंच आहे?

"मग?" मी विचारलं.

"मग काय! मी रिपोर्ट बदलला न्हाई. म्हनून त्यांनी मला बदलला!"

गुंजाळ सर टेबलावर हात आपटून हसले.

पॅरोल मिळायचा तो मिळालाच. दुसऱ्या कुणीतरी चक्कर लिहिली. मुलगा आला. बसस्टँडच्या चौकात केवढा तरी फ्लेक्स लागला, त्याचं स्वागत करणारा. मधे तो, हात जोडून, आणि भोवती सगळ्या नेत्यांचे फोटो.

त्याच चौकात सुमनबाई भाजी घेऊन बसायची. खुनाच्या खटल्यातली डोळ्यांनी पाहणारी एकमेव साक्षीदार. भापकरांनीच तिला घरून कोर्टापर्यंत नेलं होतं, पिंजऱ्यात चढताना धीर दिला होता. भापकर तिला भेटायला गेले. ती मेथीच्या जुड्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, "हवालदार, साक्षीच्या टायमाला तुमी मला काय म्हनला हुता?"

"काय म्हनलो हुतो?"

"म्हनला हुता, घाबरू नका सुमनबाई, सरकार तुमच्या पाठीशी हाय."

"मग हायेच की."

तिने मेथीच्या जुडीनेच वर दाखवलं. "सरकार तर बोर्डावर हाय!"

भापकर हे सांगतात तेव्हा आमच्याकडे बघत नाहीत. खिडकीबाहेर बघतात.

*

आता माझ्या बदलीचा किस्सा. हा आमच्या घरात माझ्या आईच्या नावावर आहे.

राहात्याला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. हल्ली साखरपुड्यालासुद्धा नेते येतात. गाडी थांबते, माईकवर नाव पुकारतात, ते जोडप्याच्या डोक्यावर अक्षता टाकतात, फोटो होतो आणि पुढच्या हॉलकडे जातात. हे नेते मात्र फोटो झाल्यावर गेले नाहीत. सरळ आमच्या टेबलापाशी आले. मी, माझे मिस्टर आणि आई जेवत होतो.

त्यांच्या एका कार्यकर्त्याला एका म्हाताऱ्या वॉचमनला लोखंडी पाइपने मारल्याबद्दल शिक्षा झाली होती. अपील चालेपर्यंत शिक्षेला स्थगिती मिळावी म्हणून त्याने अर्ज केला होता, आणि मी सरकारतर्फे कडक विरोध लिहून दिला होता.

नेत्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. "अरे, मॅडमला जिलेबी वाढा!" मग खुर्ची ओढून बसले. आवाज असा गोड की जिलेबी फिकी पडावी. "मॅडम, तुमच्या विरोधावर आमच्या पोराचं अडलंय म्हणे. फार काम करता तुम्ही. दमला असाल. तिकडे अकोले तालुक्यात बदली करून देऊ का? भंडारदऱ्याची हवा. धरण, धबधबे. तब्येत सुधारेल."

आसपासची माणसं चावायची थांबली. माझ्या मिस्टरांचा घास हातातच. मी जिलेबी ताटाच्या कडेला सारली.

तेवढ्यात आई बोलली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. कुणीतरी भला माणूस लेकीच्या तब्येतीची काळजी करतोय, एवढंच तिला कळलं. ती हात जोडून म्हणाली, "करा की हो साहेब, बदली! फक्त पावसाळा झाल्यावर करा. हिला घाटात गाडी लागते!"

सगळे हसले. सगळ्यांत जास्त नेते हसले. आईच्या पाया पडून गेले.

परतताना मिस्टर सारखे आरशात बघत होते. कोल्हारपासून एक पांढरी गाडी आमच्या मागे होती. भर दुपार, मोठा रस्ता, हजार गाड्या. कुणी तरी आपल्या कामाला निघालेला साधा माणूस असेल. राहुरीत ती गाडी वळून गेली. तेव्हा कुठे मिस्टरांनी आरशातून नजर काढली.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अगं, त्यांनी बदली कधी होणार ते सांगितलंच नाही की!"

झाली.

ऐन पावसाळ्यात!

*

तर त्या बदलीत, अकोले तालुक्यात असताना, हे घडलं.

भंडारदऱ्याच्या रस्त्याला उन्हाळ्यात बायका पळसाच्या पानांचे द्रोण करून करवंदं विकायला बसतात. एका रिसॉर्टवाल्याने दारू पिऊन जीप चालवली आणि त्यातल्या एका बाईला उडवलं. ती जागीच गेली. तिचा नवरा लहानूभाऊ. डोंगराच्या कडेला नाचणी-भाताची तुकड्यातुकड्याची शेती. प्रत्येक तारखेला यायचा, मागच्या बाकावर बसायचा, टोपी मांडीवर.

गुन्हा शाबीत झाला. मग रिसॉर्टवाल्याच्या वकिलांनी विनंती केली, आरोपीचा हा पहिलाच गुन्हा आहे, त्याला जेलमध्ये न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावं. आणि पुराव्यादाखल त्यांनी वर्तणुकीचे दाखले काढले. एक आमदारांचा. एक माजी आमदारांचा. हे दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत! शिवाय सभापती, माजी सभापती, दोन तालुकाध्यक्ष. सगळे पक्ष हजर. आणि सगळ्या दाखल्यांत शब्द न् शब्द तोच. 'सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचा असून तो सुस्वभावी व निर्व्यसनी आहे.'

न्यायाधीश साहेबांनी सगळे दाखले वाचले. चष्मा काढून पुसला. "दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा शाबीत झालाय," ते म्हणाले. "आणि सहाही जण म्हणतात, निर्व्यसनी! तालुक्यातले सगळे पक्ष एका मुद्द्यावर एकत्र आलेले मी पहिल्यांदाच पाहतोय."

कोर्टात खसखस पिकली. वकीलसुद्धा मान खाली घालून हसले. मीही हसले.

सुट्टी झाल्यावर मी व्हरांड्यात आले. लहानूभाऊ दारापाशी थांबला होता. मागच्या बाकावर त्याला हसणं ऐकू आलं होतं, पण कशाचं ते नीट कळलं नव्हतं. तो हळूच जवळ आला.

"बाई, एक इचारू?"

"विचारा ना."

"माज्या बायकूचा बी दाखला आनावा लागंल का?" तो म्हणाला. "ती बी निर्व्यसनी हुती."

*

आता हा शेवटचा. हा मी आमच्या खोलीत कधी सांगत नाही. गुंजाळ सर आणि भापकर, दोघंही तेव्हा तिथेच होते.

मी परत नगरला आले होते. पाथर्डीकडच्या एका तरुणाचा खटला माझ्याकडे आला. त्याच्या बायकोचं नाव रेखा. तो तिला मारायचा. पूर्वी एकदा तिने तक्रार केली होती, खटला चालला होता आणि तालुक्याच्या कोर्टाने त्याला शिक्षाही दिली होती. तो अपिलात गेला. तेव्हा त्या भागातल्या एका नेत्याने मधे पडून समेट घडवला. रेखा माहेराहून परत आली. अपिलाच्या कोर्टात उभी राहून म्हणाली, "मला नांदायचंय. माझी काही तक्रार नाही." चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तो सुटला. हे सगळं मी अकोले तालुक्यात असतानाचं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने तिला ओट्यावरून ढकललं. खाली दगडी पाटा होता. ती उठली नाही.

सदोष मनुष्यवध शाबीत झाला. आता शिक्षा किती, एवढंच ठरायचं होतं. तिथे न्यायाधीशांना थोडी मोकळीक असते. आणि जिथे मोकळीक असते, तिथे गाड्या येऊन थांबतात.

तेच नेते आले. गर्दी नाही, घोषणा नाहीत. वयस्कर, मऊ बोलणारे. व्हरांड्यात मला हात जोडून म्हणाले, "मॅडम, तो वाईटच आहे. त्याच्यासाठी मी एक शब्द बोलणार नाही. पण त्या म्हातारीकडे बघा. तिला त्याच्याशिवाय कुणी नाही." आणि आत जाऊन सगळ्यांत मागच्या बाकावर बसले.

म्हातारी म्हणजे आरोपीची आई. इंदूबाई. एकटीच एसटीने आली होती. मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती.

आरोपीचे वकील बोलायला उभे राहिले. बोलले चांगलं. आरोपीचं वय कमी, बाप लहानपणीच गेलेला, आई थकलेली. दुसरा आधार नाही. या माऊलीकडे बघून तरी दया दाखवावी. आणि त्यांनी हाताने खूण करून इंदूबाईला उभं केलं.

न्यायाधीशांनी विचारलं, "आजी, तुम्हाला काही सांगायचंय?"

"व्हय," ती म्हणाली. "सायेब, माज्यासाटी त्याला सोडू नका."

वकील घाईने तिच्याजवळ गेले. "आजी, घाबरू नका. नीट विचार करून सांगा."

"मी घाबरत न्हाई," ती म्हणाली. "मागल्या टायमाला बी माज्याच नावानं सोडवला त्याला. म्हातारीला आधार न्हाई म्हनले. मला बी वाटलं, सुटला तर लई बरं हुईल. सुटला. मी गावात साखर वाटली." पिशवीचे बंद तिने मुठीत घट्ट धरले होते. "घर भरलं हुतं मानसांनी. समद्यांना चा रेखानंच केला हुता."

"आता मला आधार नको," ती म्हणाली.

पिंजऱ्यातून तो ओरडला, "आये!"

तिने तिकडे पाहिलं नाही. खाली बसली. स्टेनो बाईंचे हात कीबोर्डवर तसेच थांबले होते. न्यायाधीश त्यांना म्हणाले, "लिहून घ्या. त्यांच्याच शब्दांत घ्या."

शिक्षा झाली. कमी झाली नाही.

दुपारचं ऊन. मी आणि भापकर पायऱ्यांवर उभे होतो, गुंजाळ सर आमच्या मागे. खाली नेत्यांची गाडी उभी होती. नेते गाडीत बसले नव्हते. इंदूबाई पायऱ्या उतरून आली तसे ते पुढे झाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता, आणि ते नाटक नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

"इंदूबाई, ऊन फार आहे," ते म्हणाले. "एसटीला अजून वेळ आहे. गाडीत बसा, गावात सोडतो."

ड्रायव्हर उतरायच्या आत त्यांनी स्वतःच मागचं दार उघडून धरलं.

इंदूबाई दारापाशी गेली. आत वाकून सीटकडे पाहिलं.

"न्हाई सायेब."

"माझ्यावर राग असेल तर धरा. पण एवढ्या उन्हात चालत जाऊ नका."

"राग न्हाई वो," ती म्हणाली. "रेखाला म्हायेराहून हितंच बसवून आनली हुती ना तुमी? खिडकीपाशी?"

नेत्यांनी दारावरचा हात काढला.

इंदूबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग आत कुणी झोपलं असावं तसं, अगदी हलक्या हाताने, गाडीचं दार लावलं आणि स्टँडकडे चालायला लागली.